लाल झाकणाची बाटली

फुलचूरमध्ये पोलिओचा डोस द्यायला फिरणाऱ्या बायका शामकला मेश्रामच्या दारात आल्या की एकमेकींकडे पाहून घ्यायच्या. बाटली कधी फोडली, बर्फ कुठं आहे, तुम्हाला कोणी पाठवलं, एवढं सगळं सांगितल्याशिवाय ही बाई पोरीचं तोंड उघडू द्यायची नाही. गोंदिया जिल्हा झाला त्या वर्षी तर तिने त्यातल्या एकीला आधी स्वतःच्या जिभेवर दोन थेंब घ्यायला लावले. ती बाई बसल्या जागी धडधाकट आहे हे थोडा वेळ पाहिलं आणि मग पाच वर्षांच्या रंजिताला पुढे केलं.

तिचा नवरा भोजराज मालधक्क्यावर हमाली करायचा. तो म्हणायचा, "इच्यासमोर देवमाणूस आला तरी त्याले राशनकार्ड मागन."

शामकला अशी जन्मापासून नव्हती. ती सतरा वर्षांची असताना तिच्या बापाचं, बकारामचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाहेरून आलेल्या कुठल्याशा संस्थेने शाळेच्या खोलीत शिबिर भरवलं होतं. सतरंज्यांवर ओळीने म्हातारी माणसं निजली होती. तिसऱ्या दिवशी बकारामचा डोळा ठणकायला लागला, पट्टीखालून पू यायला लागला. पट्टी सोडायला परत येतो म्हणून गेलेली माणसं आलीच नाहीत. भंडाऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला आणि डोळा काढून टाकावा लागला. शिबिराच्या कागदावर डॉक्टरची सही होती, ती कोणाची हे कोणालाच वाचता आलं नाही. तेव्हापासून डॉक्टर, त्यातून डोळ्यांचा डॉक्टर, म्हटलं की शामकलाच्या कपाळाला आठी पडायची.

ती कुडव्याकडच्या एका राइस मिलमध्ये कामाला जायची. सकाळी उकडलेलं धान पटांगणात उन्हात पसरायचं, पायाने वरखाली करत फिरायचं, दुपारनंतर तांदळातले खडे निवडायचे. भट्टीत भूस जळायची, तिचा धूर आणि कोंड्याची धूळ दिवसभर हवेत असायची. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात तिचे डोळे लाल झाले. इतके खाजायचे की काम सोडून ती पदराने चोळत बसायची.

तिच्यासोबत फुलवंता काम करायची. देवरीच्या जंगलाकडची, गोंड घरातली, बोलायला थोडकी. तिने कमरेच्या पिशवीतून लाल झाकणाची एक इवलीशी बाटली काढली.

"हे टाक. लगीत थंडं वाटते."

"कोन देलं?"

"नाक्यावरच्या दुर्गेशभाऊनं. मेडिकलवाला."

शामकलाने ती टाकली नाही. संध्याकाळी ती स्वतः दुर्गेशच्या दुकानावर गेली. हसऱ्या तोंडाचा माणूस होता, गोंदियातल्या बहुतेक दुकानदारांसारखा अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलणारा. तिने सांगितलं, आधी तुझ्या डोळ्यात टाकून दाखव. दुर्गेशने बाटली उघडली, मान मागे टाकली आणि स्वतःच्या डोळ्यात एक थेंब सोडला.

"लो बाई. झालं समाधान?"

शामकला दहा मिनिटं फळीवर बसून राहिली. त्याचा डोळा लाल झाला नाही, पाणी आलं नाही. तिने बाटली घेतली. दुर्गेश डॉक्टर नव्हता, हीच गोष्ट तिला मोठी भरवशाची वाटली होती.

दवाई होतीच तशी. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, की खाज गायब, लाली गायब. बंद केली की चार दिवसांत पुन्हा तेच. म्हणून ती बंद केली नाही. एक बाटली संपली की दुसरी, असं करत सहा वर्षं गेली. मध्ये रंजिताचेही डोळे दर उन्हाळ्यात खाजायला लागले. शामकलाने तिच्याही डोळ्यात तीच दवाई टाकली. ज्या आईने पोलिओचे थेंब दुसरीच्या जिभेवर तपासून घेतले, तिने हे थेंब तीन उन्हाळे काही न विचारता पोरीच्या डोळ्यात सोडले. पुढे हा हिशेब तिने स्वतःशी कितीदा तरी मांडला.

दोन हजार सातमध्ये मुकादम तिच्यावर ओरडायला लागला. तिने निवडलेल्या तांदळात खडे राहतात म्हणाला. शामकलाला लगेच वास आला. मुकादमाची मेहुणी गावाकडून आली होती आणि तिला काम हवं होतं. हाच माझ्या सुपात खडे टाकतो, असं तिने पक्कं धरलं. एक दिवस तिने स्वतः निवडलेला मूठभर तांदूळ कोणाच्या नजरेला न पडता पदरात बांधला आणि घरी आणला.

"पाहाय वो रंजिता, याच्यात काही हाय का."

रंजिता तेव्हा आठवीत होती. तिने दारात ताटली घेऊन तांदूळ पसरवला आणि बोटाने एकेक बाजूला करत पाच खडे काढले.

"आई, हे तर काळे आहेत. तुला दिसले नाहीत?"

शामकलाने ताटली स्वतःकडे ओढली. दारातल्या उजेडात तिला नुसता पांढरा धूसर गोळा दिसला. ती ताटली घेऊन आत अंधाऱ्या कोपऱ्यात गेली, तेव्हा तांदळाचे दाणे थोडे वेगळे झाले. उजेडात कमी आणि सावलीत जास्त दिसतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पटांगणात उतरलं की समोर चुना उधळल्यासारखं का होतं, तेही कळलं. मुकादमाविषयीचा संशय मात्र तिने लगेच सोडला नाही. अजून आठवडाभर ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

त्याच महिन्यात फुलचूरच्या बुद्धविहारात सरकारी दवाखान्याकडून डोळे तपासणी होती. शामकला तपासायला गेली नव्हती, ही माणसं काय करतात ते पाहायला गेली होती. भिंतीला टेकून तासभर तिने सगळं न्याहाळलं. तपासणारा चंद्रशेखर रहांगडाले नावाचा चाळिशीतला माणूस होता, नेत्र चिकित्सा अधिकारी. प्रत्येक माणसानंतर तो हात धूत होता. तिने ते मोजलं. सातव्या माणसानंतर तो विसरला, मग आठवून उठला आणि धुऊन आला. तेव्हा ती रांगेत लागली.

त्याने बॅटरी मारून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"वय किती, ताई?"

"अडतीस."

"शुगर आहे? डोळ्याला कधी मार लागला? घरी आईबापाला इतक्या कमी वयात मोतीबिंदू होता?"

"बापाले होता. म्हतारपनी."

"बिडी, तंबाखू?"

"घरवाला पिते. मी नाई."

"डोळ्यात काही टाकता?"

इथे ती खोटं बोलली. हा आपली दवाई बंद करून स्वतःची विकेल, असं तिला वाटलं.

"नाई जी. काईच नाई."

चंद्रशेखरने बॅटरी बंद केली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंगाच्या मागच्या बाजूने धरतोय. या वयात असा कारणाशिवाय येत नाही. ऑपरेशन आहेच, पण आधी कारण शोधलं पाहिजे. कारण तसंच राहिलं तर घरातल्या दुसऱ्या कोणाला होईल." त्याने दवाखान्यात यायची चिठ्ठी दिली.

ऑपरेशन करा म्हणून हा गळ्यात पडेल, अशी शामकलाची खात्री होती. त्याने कारण शोधा म्हटल्याने तिचा संशय उलट वाढला. चिठ्ठी तिने पेटीत टाकली. कारण मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

तिने एकेका गोष्टीवर बोट ठेवायला सुरुवात केली. आधी बोरिंगचं पाणी. पण ते तर अख्खी गल्ली पीत होती. मग भट्टीचा धूर आणि ऊन. पण साठीला टेकलेला भट्टीवाला केशोराव दिवसभर धुरात उभा राहून सुईत दोरा ओवायचा. मग भोजराजची बिडी. तिने त्याला अंगणात हाकललं आणि भोजराज चार दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी तिने मिलमधल्या बायांना एकेक करून विचारलं, उन्हात कसं दिसते, दिव्याभोवती कडं दिसते का. अकरा जणींपैकी तिघींनी हो म्हटलं. त्या तिघींत एक फुलवंता होती. आणि त्या तिघीही दुर्गेशची दवाई टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती दुर्गेशच्या दुकानावर उभी राहिली.

"दुर्गेशभाऊ, एक थेंब टाकून दाखव."

तो हसला. "फिर से? सहा साल झाले, बाई." तरी त्याने टाकला.

"तू हे रोज टाकतेस का?" तिने विचारलं.

"मले कायले लागते रोज? मेरी आँख को क्या हुआ है?"

तो सहज बोलून गेला. सहा वर्षांपूर्वी शामकलाने एका थेंबाची परीक्षा घेतली होती आणि स्वतः टाकले होते हजारो.

"याचं खोकं दे," ती म्हणाली. दुर्गेश दर वेळी खोका फाडून नुसती बाटली हातात द्यायचा, हे तिला आता आठवलं.

"खोक्याचं काय करतेस? फेकलं ना."

त्याचं तोंड हसरंच होतं, पण त्याने ड्रॉवर पायाने बंद केला. निदान तिला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ती दुकानाच्या मागे गेली आणि कचऱ्यातून तीन चुरगळलेले खोके उचलून आणले. एकात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद होता, सगळा इंग्रजीत. रंजिताने तो शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अल्का मॅडमकडे नेला. मॅडमनी तिच्या वहीत मराठीत चार ओळी लिहून दिल्या आणि संध्याकाळी रंजिताने त्या वाचून दाखवल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. यात स्टेरॉइड आहे. जास्त दिवस वापरल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो. मोतीबिंदू होऊ शकतो.

"पुन्हा वाच," शामकला म्हणाली.

रंजिताने पुन्हा वाचलं. मग विचारलं, "आई, मी पण टाकून राहिली ना हेच?"

शामकलाने घरातल्या दोन्ही बाटल्या उचलल्या आणि त्या कागदासकट पिशवीत बांधल्या. सकाळी कामावर खाडा करून ती रंजिताला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. पेटीतली चिठ्ठी शोधायला अर्धा तास लागला होता.

चंद्रशेखरने बाटली पाहिली आणि मान हलवली.

"मी विचारलं होतं, ताई. तुम्ही नाही म्हणालात."

"तुमच्यावर भरवसा नोता, जी."

"आता आहे?"

"आताही नाई. पन ह्या कागदावर हाय."

तो हसला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून त्याने दोघींचे डोळे मशीनवर पाहायला लावले, दाब मोजायला लावला. शामकला दर पावलाला विचारत होती, हे काय, हे कायले, हे पोरीले दुखन का. शामकलाचा दाब ठीक निघाला. रंजिताच्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता. दाब मात्र जास्त होता. दवाई बंद केल्यावर तो उतरेल, पण दर महिन्याला मोजायला यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. खाजेसाठी दुसरे थेंब दिले आणि थंड पाण्याची पट्टी ठेवायला सांगितली. त्या थेंबांची नावं शामकलाने रंजिताच्या वहीत लिहून घेतली.

"मंग मोतीबिंद होऊच नये असे थेंब असतात का, साहेब?" तिने चंद्रशेखरला विचारलं. "दुर्गेश म्हणे, मोतिया गलवनारी दवाई हाय त्याच्याजवळ."

"नाहीत. कोणी विकत असेल तर त्याच्याकडे पाठ करा. एकदा झाला की ऑपरेशनच. पण लवकर होऊ नये म्हणून हातात काही गोष्टी आहेत. उन्हात डोक्यावर काही मोठं घ्या, गॉगल लावा. घरात बिडीचा धूर नको, ओढणाऱ्याच्या डोळ्याला तर नकोच. शुगर तपासत राहा. आणि कोणाच्या सांगण्यावरून डोळ्यात काही टाकू नका, माझ्यासुद्धा नाही, कागद पाहिल्याशिवाय."

"आन् ऊन, धुरानं होते त आमच्या भट्टीवाल्या केशोरावले काऊन नाई झाला?"

"होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. कोणाला लवकर, कोणाला उशिरा. केशोराव नशीबवान आहेत एवढंच. तुमचा मात्र या बाटलीने ओढून आणला."

हे उत्तर तिला पटलं, कारण त्यात तो सगळं ठाऊक असल्याचा आव आणत नव्हता.

खरी अडचण मिलमध्ये झाली. तिने बायांना कागद वाचून दाखवला, म्हणजे रंजिताकडून पाठ करून आलेलं सांगितलं. बाया ऐकून घेत होत्या आणि तोंड फिरवत होत्या. दुर्गेशभाऊ चांगला माणूस आहे, उधार देतो, हाक मारली की रात्री दुकान उघडतो. आणि शामकला? ती तर मुकादमावर, नवऱ्यावर, पाण्यावरसुद्धा संशय घेते.

"तुले त साराच वाईट दिसते," फुलवंता म्हणाली. "मी हे नाई टाकलं त खडे कशी निवडू? डोरे खाजतेत मा."

"दवाखान्यात चाल माह्यासंग. एकदा."

"तूच बोंबलत होतीस, दवाखान्यावाल्यानं बापाचा डोरा काढला मनून. आता मले जा मनतेस."

एकवीस वर्षं शामकलाने ती गोष्ट ज्याला त्याला सांगितली होती. फुलवंताने ती ऐकून मनात ठेवली होती.

दोन हजार आठच्या जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं; डावा पुढच्या खेपेला ठेवला. त्याआधी ती दोनदा नुसती वॉर्ड पाहून आली होती. डॉक्टरांची सही तिने रंजिताला वाचायला लावली आणि नाव स्पष्ट लागल्यावरच अंगठ्याऐवजी स्वतःची सही केली. पट्टी सुटली तेव्हा समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग तिला काठांसकट दिसला. मग नर्सने दवाईची बाटली हातात दिली.

शामकलाने ती उजेडात धरली. झाकण पांढरं होतं, पण दुर्गेशच्या खोक्यातल्या कागदावरचा एक इंग्रजी शब्द आता तिला आकाराने ओळखू यायचा, आणि तोच बाटलीवर छापलेला होता.

"हे त तेच हाय."

नर्सने चंद्रशेखरला बोलावलं. तो समजावून सांगू लागला. ऑपरेशननंतर सूज उतरायला हीच दवाई लागते. पण मोजून, पाच आठवडे, दर आठवड्याला एकेक थेंब कमी. मध्ये दोनदा दाब तपासायचा.

"ज्यानं आग लावली त्यालेच घर राखाले देता तुमी," ती म्हणाली आणि बाटली खाटेवर ठेवली.

चंद्रशेखर स्टुलावर बसला. "माझ्या आईच्या डोळ्यात मीच टाकली होती, ताई. पाच आठवडे. त्यानंतर बाटली फेकली. दवाई वाईट नाही. ती कोणी दिली, किती दिवस दिली आणि बंद कर म्हणून सांगायला कोण आहे, ते पाहायचं."

तिने बाटली पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "बंद कराचा दिवस लिहून द्या. खाली सही करा. वाचता येईन अशी."

त्याने लिहून दिलं. तिने तो कागद घरी भिंतीला चिकटवला आणि त्या तारखेच्या एक दिवस आधीच दवाखान्यात जाऊन उभी राहिली. बाटलीत अजून चार थेंब होते. चंद्रशेखरसमोरच तिने ते मोरीत ओतले.

दुर्गेशची तक्रार रंजिताने लिहिली, शामकलाने दिली. कोणी साहेब येऊन दुकान पाहून गेला. दुकान महिनाभर बंद राहिलं, मग उघडलं. लाल झाकणाच्या बाटल्या समोरच्या काचेतून गेल्या एवढंच दिसलं. त्या खरंच गेल्या की काउंटरच्या खाली गेल्या, हे शामकलाला कधीच नक्की कळलं नाही. दुर्गेशने तो कागद स्वतः कधी वाचला होता का, हेही तिला कळलं नाही. तिचं मत होतं, वाचला होता. भोजराजचं मत होतं, त्यालाही इंग्रजी येत नसेल. बिडी मात्र तो त्या वर्षापासून अंगणातच ओढायचा, आणि पुढे त्याने ती दोनदा सोडून दोनदा धरली.

फुलवंता दोन हजार दहामध्ये स्वतःहून आली. दुपारी पटांगणात चालताना ती डाव्या बाजूच्या पोत्यांवर आदळली होती. शामकला तिला त्याच दिवशी घेऊन गेली. मोतीबिंदू काढता आला. पण दाब वर्षानुवर्षं वाढून मागची नस वाळली होती. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली ती गेलीच. जेवढी उरली तेवढी राखायला रोज दुसरे थेंब आणि दर महिन्याला तपासणी.

त्यानंतर फुलवंता देवरीकडे भावाच्या घरी राहायला गेली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बसने गोंदियाला उतरायची आणि शामकला स्टँडवर तिला घ्यायला असायची. शामकलाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. मिलमधल्या आणखी चौघी जणी आता तसाच चष्मा लावायच्या, बाकीच्या हसायच्या. रंजिताच्या डोळ्यांचा दाब सहा महिन्यांतच जागेवर आला होता. ती आता नर्सिंगच्या फॉर्मचं बोलत होती आणि त्या कॉलेजची शामकला चौकशी करून राहिली होती.

एका मंगळवारी तपासणी झाल्यावर दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या. फुलवंताच्या हातात नवीन बाटली होती. तिने ती शामकलाच्या मांडीवर ठेवली.

"हा रहांगडाले बराबर सांगते का वो? मले त काई समजत नाई."

शामकलाने खोका फिरवून पाहिला, आतला कागद आहे की नाही ते बोटाने चाचपलं आणि तो फुलवंताच्या पिशवीत नीट खोचला.

"आजवर त बराबर सांगतलं," ती म्हणाली. "पुढच्या मयन्याच्या मंगरवारी इचारू पुन्हा."